नमुना सात

सुनावणी अकराला होती.
सुगराबाई छबू तडवी सातच्या एष्टीनं यावलला आल्या,
तहसीलच्या कडुनिंबाखाली बसल्या. मांडीवर पिशवी,
पिशवीत सरकारनं जे जे कधी दिलं ते सगळं :
रेशनकार्ड, त्याच्या आधीचं रेशनकार्ड,
वनहक्काच्या दाव्याची पोच, नवऱ्याचा मृत्युदाखला.
देवीची लस टोचल्याची खूण तेवढी
पिशवीत नव्हती, दंडावर होती.

आक्षेप कोणी घेतला, गावाला माहीत आहे.
सही त्याचीच. तो म्हणतो, कोऱ्यावर केली होती.
कारणापुढे टिकमार्क :
भारताची नागरिक नाही.

मी त्यांच्या यादीभागाचा बीएलओ.
दुसरी-तिसरीचा वर्ग,
आणि उरलेल्या वेळात देशाची मोजणी.

साहेबांनी दोन कागद शेजारी ठेवले.
एकावर सुगरा. एकावर सुग्रा.
"दोन बाया दिसतात. यातल्या तुम्ही कोणत्या?"

गच्या पायात काट्यासारखी रुतलेली ती तिरकी रेघ
माझी आहे.
चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, केळीच्या बांधावर,
गुडघ्यावर वही ठेवून लिहिलेली.
बेचाळीस घरं राहिली होती.

"जन्म कुठला?"
"पाड्यावरचा."
"पुरावा?"
"माय होती."
"बोलवा."
"आता तिले कुठून आनू, साहेब?"
मागच्या खिडकीत सातपुडा दिसत होता.
त्याची साक्ष काढायची पद्धत नाही.

जन्मतारीख विचारली, तेव्हा त्या माझ्याकडे बघायला लागल्या.
मी खाली पाहिलं.
माझी एक जून आहे.
वर्गातल्या एकतीस जणांची एक जूनच.
हेडमास्तरांनी एका दुपारी आम्हाला
ओळीनं जन्माला घातलं.
आई सांगते, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा,
बैलांच्या शिंगांवरचा हिंगूळ अजून ओला होता.
ते खरं आहे, उपयोगाचं नाही.
उपयोगाचं ते दाखल्यावर, शिक्क्यानिशी,
आणि त्यावर आजवर कोणाची हरकत नाही.

उठून म्हणालो, रेघ माझी आहे.
"लेखी द्या."
लेखी दिलं. सुगरा, तीनदा,
ग आणि र यांच्यात ज्वारीचा दाणा मावेल
इतकं अंतर सोडून.

पुढची तारीख पडली, शुक्रवार.
"शुक्रवारी केळीची कटाई आहे," त्या म्हणाल्या, "ट्रक लागतो."
हे नोंदवण्याजोगं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी डावं बोट पुढे केलं.
"गेल्या बारीले शाई तुम्हीच लावली होती ना, मास्तर?"
मी नीट पाहिलं. चिकाचे काळे डाग होते,
ते चालत नाहीत.
"नख वाढत गेलं ना," त्या म्हणाल्या, "मीच कापलं.
मले काय माहीत, ठेवाचं असते म्हनून."