डेंगळे

ऑक्टोबरात वीतभर खोल पुरले होते.
पिशवीवर लिहिलेलं: माउंट एव्हरेस्ट. दहा कंद, साडेसात पौंड.
लडलोची माती चिकट, म्हणून बुडाशी मूठमूठ खडी.
खारींनी ट्युलिप उकरले,
यांना तोंड लावलं नाही.

मे सरता सरता
कुंपणाच्या कडेने छातीला लागणारे दांडे, वर पांढरे गोळे,
आणि खाली पात पिवळी, लोळलेली.
ती झाकायला पुढे जिरॅनियम लाव, म्हणाली शेजारची बेरिल.

व्हिडिओवर थोरल्या वन्सं, निफाडहून, भाजी निवडत.
"अगं बाई, डेंगळे आलेत की सगळे!
मोडून टाक, कांदा पोचट होईल."
वन्सं, हे खायचे नाहीत.
"मग?"
बघायचे.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.

बेरिलला मात्र शब्द आवडला.
डेंगला, डेंगला म्हणत
फुलावरच्या मधमाश्या मोजत राहिली,
सतरापाशी चुकली, पुन्हा एकपासून.

संध्याकाळी वाऱ्याने एक दांडा मोडला.
उचलला, तर बोटांना तोच वास,
लासलगावच्या रस्त्यावरचा.
हात धुतलेच नाहीत.
तशाच पोळ्या लाटल्या.