आठपर्यंत पार्किंग फुकट

बेडरूमच्या खिडकीला मी फॉइल लावलंय,
बिर्याणीचं पातेलं झाकतात तेच,
चारी कडांना चिकटपट्टी मारून.
बाहेर शारजाची दुपार पांढरीफटक पेटलेली
आणि आत मी, रात्रभर बंदरात क्रेनवर बसून आलेला,
ही विकतची रात्र पांघरून झोपतो.
सतरा वर्षं.

घर माझ्या झोपेभोवती वाढलं.
रुकय्या कुकरला शिटी होऊ देत नाही.
बेलची तार तर कधीच काढून टाकली.
इतरांची मुलं बोबडं बोलतात,
आमचा ताबिश कुजबुजत बोलायला शिकला.
हर्णैहून आलेले पाहुणे म्हणायचे, किती गुणी पोर,
असून नसल्यासारखा.
मला ते कौतुकच वाटायचं.

मार्चमध्ये शाळेतल्या समुपदेशक बाईंनी
त्याच्याकडून एक कागद भरून घेतला.
तिसरा प्रश्न : झोप किती तास?
त्याने लिहिलं होतं,
'अब्बांची की माझी?'

मी हसलो.
बाई हसल्या नाहीत, रुकय्याही नाही.
लिफ्टमध्ये ती म्हणाली, मी पाण्याला उठते
तेव्हा हॉलमध्ये त्याचे डोळे उघडे असतात.
हातात मोबाइलसुद्धा नसतो,
असता तर भांडता तरी आलं असतं.
कधीपासून?
रमजानच्या आधीपासून.
मग मला सांगितलं का नाहीस?
तिने मजल्यांचे आकडे उतरताना पाहिले.
म्हणाली, तुम्ही झोपलेले होतात.

त्या आठवड्यातली एक पहाट.
ड्यूटीवरून आलो, फजरची बांग नुकतीच झालेली,
बूट काढता काढता पाहिलं :
सोफ्यावर बसलेला, चादरीची घडी तशीच.
दोघांचीही रात्र जागून झालेली,
पगार मात्र एकालाच.
काढलेला बूट पुन्हा पायात घातला.
म्हटलं, चल.

अल खानच्या किनाऱ्याशी गाडी लावली.
कागदी कपांत कडक चहा, वेलची जास्त झालेली.
विचारलं काहीच नाही.
माझ्या कामात एवढं कळतं :
लटकता कंटेनर झोके खाऊ लागला
की उलटा खेचायचा नसतो,
तो जातो त्याच बाजूला आपणही जरा सरकायचं.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो, तो बघत होता तिकडेच.

कप रिकामा झाल्यावर बोलला,
तोच आवाज, दार लोटून घेतल्यासारखा :
'जैनूचाचा जहाजावर पडले ना, रात्री दोनला,
त्यांच्या घरी सगळे झोपले होते.
कुणी फोनच उचलला नाही.
तुम्ही तिकडे वर असता.
आमच्याकडे कुणीतरी जागं पाहिजे.'

चाळीस मीटर उंचीवरून मला
समुद्रातले दिवे दिसतात, अजमानचे मनोरे दिसतात,
खाली हातवारे करणाऱ्याचे हातमोजेही दिसतात.
हॉलमधला सोफा दिसला नाही.

उत्तर जुळवत होतो.
पट्टा असतो, जाळी असते, आता नियम कडक झालेत,
असलं काहीतरी.
वळून पाहिलं तर मान कलंडलेली,
तोंड उघडं, मिसरुडावर चहाची साय.
एवढा मोठा आवाज या पोराचा
मी पहिल्यांदाच ऐकला : घोरत होता.

ऊन डॅशबोर्डवर चढू लागलं.
काचेला चंदेरी पडदा लावला, हळू, एकेक घडी उलगडत.
इंजिन चालू, एसी दोनवर.
मला माहीत आहे, एका झोपेने काही फिटत नाही.
गुरुवारी बाईंकडे जायचंय, तिघांनी.
फोरमनशी दिवसपाळीचं बोलायचंय,
तो काय म्हणेल तेही माहीत आहे.

आठ वाजता पार्किंगवाला आला, वहीत नंबर बघत.
मी ओठांवर बोट ठेवलं.
फोनवरून एक तास विकत घेतला.
मग आणखी एक.
माझे स्वतःचे डोळे वाळू गेल्यासारखे चुरचुरत होते.

फोन थरथरला. रुकय्या : कुठे आहात?
मी लिहिलं : झोपलाय.
बराच वेळ ती टाइप करत राहिली,
आलं एवढंच :
कोण?