लेंडीखत, सोहार

नोकरी सोडून गेलेल्याची फाइल
पाच वर्षं जपायची, सहाव्या वर्षी फाडायची.
कंपनीचा नियम.
फाडणारी मी.
गुरुवारी दुपारी यंत्रापाशी बसते,
आधी पिना उपसते, मग फोटो सोलून काढते.
चकचकीत कागद त्यांच्या पोटाला बरा नाही.

त्यांच्या म्हणजे सशांच्या.
रोडेल इलोइलोला परतला
तेव्हा पिंजरा माझ्या दारात ठेवून गेला,
वर चिठ्ठी : मॅडम, उन्हाळ्यात
बर्फ झालेली पाण्याची बाटली आत ठेवा,
ते तिला टेकून झोपतात.
खरंच टेकतात.
बाहेर सत्तेचाळीस, आणि दोघं पाठ लावून,
डोळे उघडेच.

खाली कागदाच्या पट्ट्यांचा बिछाना.
बेसिक एकशे चाळीस रियाल,
रजा मंजूर व्हावी ही विनंती, रक्तगट, मुदत, सही.
ससे त्यावर मुततात. राग नाही, भेदभाव नाही,
वेल्डर, इंजिनियर, सगळ्यांवर सारखंच.

कोंबडीचं खत रोप जाळतं, महिनोन्महिने मुरवावं लागतं.
हे थंड.
सकाळी गोळा केल्या लेंड्या, काळ्या मिऱ्यांएवढ्या,
ओल्या कागदासकट दुपारी मातीत.
माती म्हणायची आपली सवय.
फावडं मारलं की खाली शिंपले लागतात.

वाळूतून तेल निघतं, त्याचं इथं कुणाला नवल नाही.
नोव्हेंबरात मेथी निघाली
तर अख्खा मजला बघायला उतरला.
पानं आम्ही खाल्ली, देठं सशांनी.

मग एकदा वाफा उकरताना
एक पट्टी हाती आली. आडवी कापली गेलेली,
शाई शाबूत :
रजेचं कारण, बहिणीचं लग्न.
बस, एवढंच. नाव दुसऱ्या पट्टीवर गेलेलं,
ती कुठल्या मुळाशी, कोण जाणे.
मिळाली होती का त्याला रजा?
शिक्का तेव्हा माझ्याच टेबलावर असायचा.
आठवायला बसले. नाही आठवलं.
परत पुरली, बोटभर खोल.

शेजारचा खल्फान त्याच्या लिंबासाठी बादलीभर मागायला आला.
झाड तीन वर्षं रुसलंय म्हणाला.
मूठभर उचललं, हुंगलं. वास नाही!
अर्नब? म्हटलं, हो, अर्नब.
आणि हा कागद कुणाचा?
आमच्या दोघांची मिळून जेवढी हिंदी, तेवढ्यात मी सांगितलं :
जो लोग चले गए, उनका.

त्याचा हात तसाच राहिला.
मान खाली घालून तो काहीतरी पुटपुटला,
मेलेल्यांसाठी म्हणतात ते.

जिवंत आहेत रे, म्हणणार होते,
कुणी कोल्लमला, कुणी चिपळूणला रिक्षा चालवतो.
पण सगळ्यांचं मला तरी कुठं ठाऊक?
ओठ हलायचे थांबेपर्यंत उभी राहिले,
मग बादलीची एक बाजू धरली.
ओली होती, जड.