गड्डा

फेब्रुवारीत, ब्रदा नदीवर अजून बर्फाची साय असताना
सेलेरिॲकचं पाकीट फोडलं.
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी,
बारीक म्हणजे काय ते मला ठाऊक आहे असं वाटायचं.

बी कसलं, तपकिरीची चिमूट.
एक शिंक आली असती
तर अख्खं वर्ष गालिच्यात गेलं असतं.

डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उचलला,
आणि हात थरथरला.
याच थरथरीनं दुकानाची पाटी उतरवायला लावली होती.
पाटी अजून जिन्याखाली आहे, तोंड भिंतीकडे करून.

कुंपणापलीकडची लेओकाडिया म्हणाली,
"चिमटा ठेव, वेन्त्सेंती. काडेपेटीतली काडी घे,
टोक ओलं कर, बीला नुसतं शिव.
येतं चिकटून.
आणि वर माती लोटू नकोस,
याला उजेड बघत रुजायची खोड आहे."

मग एकवीस दिवस काही नाही.
बंद पडलेलं घड्याळ निदान उघडून बघता येतं.
मी रोज सकाळी काच उचलायचो,
थेंब पुसायचो, काच ठेवायचो.
तेविसाव्या दिवशी हिरवं दिसलं,
इतकं थोडं, की आधी भिंग पुसलं.

आमच्याकडे मे महिन्यात थंडीचे तीन संत येतात,
पान्क्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी,
आणि त्यांच्या मागून झोशिया,
चौघांत सगळ्यात खाष्ट.
ती उंबऱ्यावरून जाईपर्यंत रोपं बाहेर काढायची नाहीत.
मी काढली.
ऊन पडलं होतं, खिडकीत जागा उरली नव्हती,
आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता वाट बघण्याचा.

नऊ रात्री गारठा राहिला.
मेलं एकही नाही. मी लेओकाडियाला तसं ऐकवलंही.
ती काही बोलली नाही, नळी गुंडाळत राहिली.

जुलैत कळलं.
गारठलेल्या रोपाला वाटतं, हिवाळा होऊन गेला,
एक वर्ष सरलं, आता आपली फुलायची वेळ.
चोवीसातली सतरा दांडे काढून उभी,
डोक्यावर पांढऱ्या छत्र्या, भोवती माश्यांची लगबग,
आणि बुडाशी गड्डा? सुपारीएवढा.

सगळ्या गावाची वेळ लावून दिली मी,
रेल्वेच्या गार्डांची, नर्सबाईंची,
एका पाद्र्याची तर दर शनिवारी,
आणि सतरा रोपांना मात्र चुकीची वेळ सांगितली.

उरलेली सात. त्यांना पाणी, पाणी, पाणी.
दलदलीतलं कूळ, तहान काही भागत नाही.
खालची पानं तोडावीत असं लेओकाडिया म्हणते,
तोडू नयेत असं फाटकाजवळचा ग्झेगोश म्हणतो,
दोघांचं नऊ वर्षं बोलणं नाही, कारण मला वाटतं हेच असावं.
मी तीन रोपांची तोडली.
फरक पडला का, ते मला अजून सांगता येत नाही.

ऑक्टोबरात काटा घालून उपटले.
एकात उंदीर राहून गेला होता.
बाकीचे सहा, दाढीवाले, चिखलानं बरबटलेले,
भांडून आलेल्या म्हाताऱ्यासारखे.
मुळांच्या वळ्यांतली माती निघता निघेना,
तेव्हा घड्याळं साफ करायचा ब्रश आणला.
सुरी घातली.
आत पांढरंशुभ्र, आणि वास असा
की स्वयंपाकघर एकदम रविवारचं झालं.

एक लेओकाडियाला दिला. तिनं हातात तोलला.
"आठशे ग्रॅम."
माझ्या काट्यावर आठशे वीस भरला होता.
बोललो नाही.

त्या सतरांचं बी मात्र धरलं होतं मी.
"फेकून दे," ती म्हणाली,
"उतावळ्यांची पोरं उतावळीच निघतात."
बरोबरच असेल तिचं.
बी ठेवलंय दुकानातल्या एका पत्र्याच्या डबीत.
चिठ्ठी जुनीच आहे, माझ्याच अक्षरात, हात स्थिर असतानाची:
पुढे पळणारी.