चिंचा मोजत

पहिल्या दिवशी एकच चिंच.
म्हणजे या झाडापासून त्या झाडापर्यंत.
मधे उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून थांबले,
असं मी मलाच सांगितलं.
ट्रॅक्टर केव्हाच अंकलीकडे निघून गेला होता.

त्रेचाळीस वर्षं. त्यातली एकोणीस कॅश काउंटरवर.
बोटं पळतात माझी,
शंभराचं बंडल मिनिटात संपवतात,
बाकीची मी खुर्चीत.

त्या दिवशी काहीच झालं नाही.
दुसऱ्या दिवशी थोडं.
तिसऱ्या दिवशी बँकेच्या तळघरात उतरायचं होतं,
सकाळची रोकड काढायला,
चौदा पायऱ्या,
आणि मांड्या म्हणाल्या, आम्ही येत नाही.
कठडा धरून आडवी उतरले, खेकड्यासारखी.
खाली भूपाल शिपाई चावी घेऊन उभा.
बघत होता, आणि बघत नसल्यासारखं करत होता.
चढताना काही नाही. उतरतानाच सगळं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं नदाफचाचांनी, नंतर.
त्यांचे कान तालमीत मोडलेले, गुडघे वयानं.
हरिपूर रस्त्याच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर बसतात
आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीवरून
कुठं काय दुखतंय ते ओळखतात.
"दोन्ही पायाला सारखं दुखतंय न्हवं?
दाबलं की बरं वाटतंय?
मग ते आपलं हाय. ऱ्हाऊ दे दोन दिस, जाईल.
एकाच जागी, सुईगत, पळताना वाढत जाणारं,
ते परकं. त्याला घरात घ्यायचं न्हाई."
मग बशीत चहा ओतून,
"आणि निजून ऱ्हाऊ नका बाई. चाला हळूहळू.
पळताना बोलता आलं पायजे.
बोलता येईना, म्हंजे लई पळाय लागलाय."

बोलणार कुणाशी, पहाटे साडेपाचला?
मी पाढे म्हणते.
एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी…
जिथं पाढा तुटतो तिथं चालायचं.
पहिला आठवडा सत्त्याऐंशीलाच तुटत होता.

मग दोन चिंचा पळायच्या, एक चालायची.
दिवसाआड. मधल्या दिवशी नुसत्या फेऱ्या,
गच्चीवर, वाळत घातलेल्या हळदीच्या बाजूनं.
सासूबाई म्हणाल्या, तेल लाव, शेक घे, हळद-दूध पी.
सगळं केलं.
कशानं बरं वाटलं ते सांगता येत नाही,
की दोन दिवस तसेही जाणारच होते.

एकदा हाव सुटली.
बदलीची ऑर्डर रद्द झाली त्या आनंदात
मधली चिंच न चालताच सहा झाडं मारली.
सातव्याला डाव्या नडगीत सुई.
परकं.
चाचांना काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही,
पण त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे त्यांनी दिले.
बारा दिवस घरात. बूट दाराआड.
कॅशमध्ये एक नोट जास्त लागली की
पुन्हा पहिल्यापासून मोजतो आम्ही, चिडत नाही.
इथं मात्र चिडले.

परत आले तेव्हा वाटलं, सगळं वाया गेलं असणार.
एक झाड पळाले, चालले. दोन पळाले.
पाढा दोनशे नव्वदपर्यंत गेला
आणि माझं लक्षच नव्हतं,
मी एका घुबडाकडे बघत होते.

काल रविवारी चिंचा संपल्या.
पुढं रस्ता वळला, देवळाच्या पायऱ्या आल्या,
खाली कृष्णा आणि वारणा,
दोघींचं पाणी अजून निराळं निराळं दिसत होतं.
झाडं किती झाली ते सांगणार नाही.
मधे कुठंतरी माझा आकडा चुकला,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

परत यायला रिक्षा करावी म्हटलं
तर खिशात रुपया नाही.
कॅशियर.
चालत आले सगळं, हळूहळू, सांगलीपर्यंत.

आज सकाळी तळघराच्या जिन्यापाशी
भूपालनं कठड्याकडे बोट केलं.
"मॅडम, धरता न्हवं?"
मी नीट उतरले, चौदाच्या चौदा.
"आज नाही रे," म्हटलं,
"उद्या."