काटा

उतर खाली, सम्यका.
संध्याकाळपासून चौथ्यांदा चढली तू,
काटा काही तुह्याकडे पाहून लाजणार नाही.
चव्वेचाळीस किलो, सहाशे गरम.
सहाशे गरम म्हंजे किती, मले इचार,
बावीस वर्षं कळमन्याच्या बाजारात मापारी आहो मी:
मोठे असले तं तीन संत्रे,
बारके असले तं चार.
तेवढ्यासाठी दोन दिवस उपाशी?

शबिना सांगत होती,
दुपारी स्वेटर घालून पळाली म्हणे तू पारडीच्या रस्त्यानं.
मे महिन्यात. नागपुरात.
अवं, या उन्हात डांबर जागेवर राहात नाही,
आन् तू स्वेटर घालून राह्यली.

मी बी केलतं हे.
चंद्रपूरले जात होतो, विभागीय स्पर्धा.
रातभर एस्टीत रुमालात थुंकत बसलो.
वजन बसलं बरोबर,
मीच नाही बसलो.
अकरा सेकंदात पाठ टेकली,
वर छताचा पंखा होता, एक पातं वाकडं,
ते अजून फिरते माह्या डोक्यात.
घरी येऊन सांगतलं, पंच तिकडचा होता.
सव्वीस वर्षं झाले.
बिचारा मेला बी असन,
त्याची माफी मागाची राहूनच गेली.

पडता तुले येते, त्याची चिंता नाही.
दीड वर्षं दुसरं काही शिकवलंच नाही मी,
महानगरपालिकेच्या शाळेतल्या त्या फाटक्या गाद्यांवर
नुसतं पड, हात आपट, ऊठ, पड.
तुही आई दारात येऊन उभी राहे,
"सर, पोरगी पडूनच राह्यली, पाडन कधी?"
मी म्हणो, थांबा ना बाई.
ते बी थांबली. तू बी थांबली.
आता काऊन घाई?

उद्या मानकापूरले गेल्यावर
पह्यले नखं पाह्य. केसांत क्लिप नोको, कापडाचं रबर लाव.
समोरची अमरावतीची असो का गोंदियाची,
तिचा पट्टा पाहू नोको,
पट्ट्याले हात नसतात.
पाय पाह्य. कोणत्या पायावर भार आहे, तेवढंच.
बाही धरली का सोडू नोको,
पण घट्ट पकडून दम बी घालवू नोको,
सायकलचं हँडल धरते तशी धर.
लोकं ओरडतीन.
मी बी ओरडीन कोपऱ्यातून, माहं आयकू नोको.
भेलो का मी चुकीचंच ओरडतो,
डावीकडे म्हणाचं तं उजवीकडे म्हणतो,
मागच्या वर्षी निखाऱ्याचा ओजस माह्याच पायी हरला,
त्याले इचार.

जिंकली तं लगेच नाचू नोको.
ते पोरगी अजून खालीच असते.
तिले हात दे, उठव, वाक,
मग बाहेर येऊन नाचजो, मी बी नाचीन, गुडघा दुखत असला तरी.
हरली तं रडजो.
पण गी घालून रडजो, तोंड लपवाले बाथरूमात जाऊ नोको,
मागून बारके पोट्टे पाहून राह्यले असतात,
हरल्यावर काय करतात ते त्यायले बी शिकाचं आहे.

आन् आता शेवटचं, रागावशीन.
नाव मी अठ्ठेचाळीसमध्ये देलं आहे.
आज दुपारीच. तुले न इचारता.
रागाव, रागाले वजन नसते,
उद्याच्या काट्यावर तो दिसणार नाही.
समोरच्या पोरी तीन किलोनं जड राहातीन,
दोघीतिघी जुन्या आहेत, एक तं राज्यावर खेळली आहे.
पह्यल्याच फेरीत बाहेर होशीन, असं बी होऊ शकते,
मी खोटं कायले सांगू,
माहं अख्खं आयुष्य काट्यासमोर गेलं.
पण पाय लटपटून पडली
आन् कोणी पाडली म्हणून पडली,
हे दोन येगळे पडणे आहेत.
पह्यल्याचं मी काही शिकवू शकत नाही.
दुसऱ्याचं, सोमवारी संध्याकाळी साडेपाचले ये, शिकवतो.

तुहा डब्बा सकाळपासून तसाच पडला आहे खिडकीत.
उघड तो.
एक पोळी मले बी दे,
मी बी नाही खाल्लं काही,
पोट्टी उपाशी फिरून राह्यली
आन् मास्तर सांबारवडी खाते, बरं दिसते का?
काय आहे, भेंडी?
आण इकडे. चालते.