उलट आटे

आरा मी किलोवर विकत घेतला.
चारशे दहा किलो, बत्तीसच्या भावानं.
वरचे वीस रुपये भंगारवाल्यानं सोडले
आणि विचारलं, ताई, हे वितळवणार कशात?

सिंदेवाहीहून ट्रॉलीत घालून आणताना
ओतीव लोखंडाचं ते मेज
खड्ड्याखड्ड्याला असं खाकरत होतं
की उन्हाळी धान कापणाऱ्या बाया
बांधीतून माना वर करून पाहत.

मी पंपांची बाई. मोटरी खोलते, वाइंडिंग भरते,
आठ गावच्या विहिरींचे आवाज मला पाठ आहेत.
लाकडातलं काही कळत नाही.
भाऊ दाराच्या चौकटी हातकरवतीनं चिरतो
आणि रात्री खांद्याला एरंडाचं पान बांधतो,
तेवढं कळतं.

मोटरीचं झाकण उघडलं तर आत उंदराचा संसार:
तणस, लग्नपत्रिकेचा एक कोपरा,
आणि तळाशी मूठभर भुसा.
सागाचा. किती वर्षांचा कोण जाणे,
बोटांवर घेतला तर अजून तेलकट.
तो मी पुडीत बांधून ठेवला.
का, ते विचारू नका.

बेअरिंग नागपूरहून आले, पट्टा मूलच्या दुकानात मिळाला.
गंज निघाला डिझेल आणि विटेच्या तुकड्यानं,
आणि थोडा भावाच्या शिव्यांनी.
अडलं ते पात्याच्या नटाशी.
पान्यावर पाइप चढवला, पाइपावर भाऊ चढला.
तापवला. चिंचेचं पाणी पाजलं.
नट आपला बसलेला,
मांडवात रुसलेल्या जावयासारखा.
तीन दिवस.

चौथ्या दिवशी केवळराम साडेनऊ आला.
आडनाव झोडे; पण गाव बोटं मोजून हाक मारतं.
बंद पडलेल्या मिलमध्ये एकोणीस वर्षं
याच मेजावर तो उभा होता.
आधी ओळखलं नाही त्यानं.
मग अंगठ्यानं कडेची एक खाच चाचपली,
पेटलेली बिडी ठेवायची जागा,
आणि खालीच बसला.

"कायले जोर लावून राहिली, बाई?
याचे आटे उलटे हायेत.
पातं फिरते तसा नट कसत जाते.
सुटला असता, तर मी कुठं असतो?"

पाइप काढून बाजूला ठेवला.
पाना पलीकडून लावला, आणि नुसता झुकला.
नट कुईं करून सुटला.
तीन दिवस आम्ही तो घट्ट करत होतो.

थ्री फेज आमच्याकडं त्या आठवड्यात रात्री बाराला.
सव्वाबाराला हिरवं बटण दाबलं.
मोटर हुंकारली, पातं हललं
आणि केवळराम ओरडला, बंद कर! बंद कर!
उलटं फिरत होतं.
अजून थोडं, तर नट गळून पातं थेट गोठ्यात.

हे मात्र मला येतं.
तीनपैकी दोन वायरी आपसांत बदलल्या,
पिवळीच्या जागी निळी. अर्धा मिनिट.
म्हातारा माझ्या हातांकडं पाहत राहिला.

मग आवाज आला. आधी जाड, मग बारीक,
मग इतका सरळ की ऐकूच येईना,
नुसता छपराचा पत्रा थरथरत होता.
भावानं बीजाची फळी पुढं केली.
"काठीनं लोट," केवळराम एवढंच म्हणाला.
वैशाखातली रात्र, अंगाला चिकटणारी,
आणि तो दोन्ही हात काखेत घालून उभा,
थंडी वाजत असल्यासारखा.

फळी दोन झाली. विटकरी भुसा
बल्बच्या उजेडात बराच वेळ खाली बसेना.
त्याला ती पुडी द्यावी असं मनात आलं.
दिली नाही.
पान्यांच्या डब्यात आहे अजून,
नऊ नंबरच्या खाली.